सिव्हिलायझेशनचा सातवा भाग घ्यावा की सहावाच पुरे?

अडीच घरं

‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरच्या, राज्य उभारण्याच्या खेळांच्या मालिकेशी माझी गाठ तशी उशिरा पडली. मे २०२० मध्ये टाळेबंदीत घरी अडकलो असताना एपिक स्टोअर या खेळांच्या ऑनलाइन दुकानात तिचा सहावा भाग आठवडाभर फुकट मिळत होता. फुकट ते पौष्टिक या न्यायाने मी तो उतरवून ठेवला आणि पुढचा दीड महिना घरच्यांना माझे तोंड जेवणाच्या ताटावरच काय ते दिसले. नंतर ‘राइज अँड फॉल’ आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ हे दोन्ही विस्तार, म्हणजे मूळ खेळात भर घालणारे संच, सेलमध्ये घेतले. आजही शनिवारची रात्र या खेळासाठी राखलेली असते.

सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आला, तेव्हापासून मी कुंपणावर बसून आहे. मूळ आवृत्तीचीच किंमत सत्तर डॉलरच्या घरात होती, आणि त्यावर नवे नेते व नव्या संस्कृती यांचे संच वेगळे विकत घ्यायचे. स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावरची मते पहिल्या दिवसापासून संमिश्र आहेत. जे खेळले आहेत त्यांच्यापैकी निम्मे म्हणतात की मालिकेत इतका धाडसी बदल कधी झाला नव्हता, आणि उरलेले निम्मेही नेमके तेच म्हणतात, फक्त कपाळावर हात मारून.

माझी अडचण थोडी निराळी आहे. काल सहज सहाव्या भागातल्या सेव्ह केलेल्या डावांची यादी उघडली, तर ६२ डाव निघाले आणि त्यांतले विजयापर्यंत किंवा पराभवापर्यंत पोचलेले अवघे ९. बाकीचे बहुतेक दीडशेव्या ते दोनशेव्या चालीच्या दरम्यान सोडून दिलेले आहेत. सुरुवातीच्या पन्नास चालींत पहिले शहर कुठे वसवावे यावर मी वीस मिनिटे विचार करतो. पुढे तीस शहरे झाली की प्रत्येक चालीला कुठे कोठार बांधायचे, कुठले कारागीर कुठे हलवायचे, हे करता करता जांभई येते. आपणच जिंकणार हे तोवर कळलेले असते, पण खेळाने ते मान्य करायला अजून दोन रात्री लागणार असतात. अशा माणसाने सातवा भाग घ्यावा का? की सवयीची चप्पल टाकून नवा बूट घेतल्यासारखे होईल? सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

मुनीम

६२ पैकी ९ हा आकडा तुम्ही जाता जाता सांगितला आहे, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. सातव्या भागाची सगळी रचना या एका दुखण्यावर इलाज म्हणून झाली आहे. बरेच खेळाडू डाव पुरा करत नाहीत, हे निर्मात्यांनी प्रकाशनाआधीच उघडपणे सांगितले होते. त्यामुळे हा खेळ चांगला की वाईट असे विचारण्यापेक्षा, ते दुखणे आपल्याला आहे का, असे विचारावे. ज्याला ते नाही, त्याला हे औषध कडूच लागणार.

इलाज असा आहे. आधीच्या सहाही भागांत इसवी सनापूर्वी ४००० पासून शेवटपर्यंत एकच सलग डाव चालत असे. सातव्यात त्याचे तीन तुकडे केले आहेत : प्राचीन युग, शोधयुग आणि आधुनिक युग. प्रत्येक युगाला स्वतःची संशोधनाची यादी, स्वतःची उद्दिष्टे आणि स्वतःचा शेवट आहे. युग संपत आले की एखादे संकट कोसळते, म्हणजे रोगराई, बंडाळी किंवा आक्रमण, आणि ते झेलून पलीकडे गेलात की पट पुन्हा बऱ्याच अंशी समतल होतो. राजधानी सोडून बाकीची शहरे पुन्हा गावे होतात, जुन्या इमारतींचा कस उतरतो, व्यापारी मार्ग नव्याने जोडावे लागतात, चालू युद्धे मिटतात. तुमचा नेता तोच राहतो. संस्कृती मात्र नवी निवडावी लागते.

म्हणजे दीडशेव्या चालीला तुम्ही डोंगराएवढे पुढे असलात, तरी त्यातले थोडेच बरोबर नेता येते. लष्करी, आर्थिक, सांस्कृतिक आणि वैज्ञानिक अशा चार वाटांवर त्या युगात जे कमावले असेल, त्याच्या बदल्यात पुढच्या युगासाठी वारसा म्हणून काही सवलती मिळतात. हिशोब बंद करून नवी वही घालण्याचा हा प्रकार आहे. शिल्लक पुढे ओढली जाते, जुन्या नोंदी मागे राहतात.

तुम्ही ज्या जांभईविषयी लिहिले आहे, तिच्यावरही दोन उपाय आहेत. पहिला, कारागीर पूर्णपणे काढून टाकले आहेत. शहराची वस्ती वाढली की नकाशावरच्या कोणत्या षट्कोनी घरात पसरायचे एवढे सांगायचे, तिथले शेत किंवा खाण आपोआप होते. दुसरा, नवी वस्ती आधी गाव म्हणूनच वसते. गावात काही बांधायला लावत बसावे लागत नाही. त्याच्या उत्पादनाचे सोने होते, आणि वस्ती पुरेशी वाढल्यावर त्याला शेती, खाणकाम वा व्यापार यांपैकी एक काम नेमून दिले की तिथले धान्य जोडलेल्या शहरांकडे जाऊ लागते. कोणते गाव सोने मोजून शहर करायचे, हे तुमच्या हातात. पंधरा वस्त्यांपैकी रोज लक्ष घालावे अशी चारच राहतात. सहाव्या भागातला शेवटचा शंभर चालींचा कारकुनी व्याप आठवा, म्हणजे यात काय वाचले ते लक्षात येईल.

सेनापती ही मला सर्वांत आवडलेली गोष्ट. पाचव्या भागात, म्हणजे २०१० पासून, एका घरात एकच तुकडी हा नियम आला आणि लढाया देखण्या झाल्या. पण सैन्य एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचे म्हणजे कात्रजच्या घाटातली वाहतूक झाली होती. आता सेनापतीच्या पोटात सुरुवातीला चार तुकड्या मावतात, त्या एकत्र चालतात आणि रणांगणावर बाहेर पडतात. लढाईचा अनुभवही तुकडीला न मिळता सेनापतीलाच मिळतो, आणि तो युगाच्या पलीकडे टिकतो.

मालिकेचे जनक सिड मायर यांचा एक तृतीयांशाचा नियम अनेकांना माहीत असेल : नव्या भागात एक तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे आणि एक तृतीयांश नवे आणावे. या वेळी नव्याचा वाटा मोजताना कुणाचा तरी हात सैल सुटला, असे माझे मत आहे. तरीही मी सातव्यात आजवर खेळलेल्या अकरा डावांपैकी आठ पुरे केले. सहाव्यात माझीही गत तुमच्यासारखीच होती.

कोकणकडा

मुनीम यांनी इलाजाचे वर्णन नेमके केले आहे. रोगाच्या निदानाशी मात्र मी सहमत नाही. अपुरा सोडलेला डाव हा वाया गेलेला डाव असतो, हे गृहीतच मला मान्य नाही. मी १९९६ चा दुसरा भाग कॉलेजात असताना खेळलो, तेव्हापासून अर्धवट सोडलेल्या डावांतल्या राज्यांच्या कथा मला आजही आठवतात, आणि विजयाचा पडदा एकही आठवत नाही. एका मातीच्या गावापासून सुरुवात करून सहा हजार वर्षे तीच आपली माणसे पुढे नेणे, हे या मालिकेचे प्राणतत्त्व होते. ती माणसे मध्येच बदलून दुसरीच झाली, तर मी नेमके कोणाचे राज्य चालवतो आहे?

हा प्रयोग पहिल्यांदा झाला असेही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ‘ह्यूमनकाइंड’ या खेळात दर युगाला संस्कृती बदलता येत असे, आणि तिथेही माझी हीच तक्रार होती. तिथे चेहरा तोच आणि नाव नवे, त्यामुळे समोरचा शत्रू कोण हेच चालीमागून चाली विसरायला होई. सातव्या भागात नेता कायम ठेवून ते बरेच सावरले आहे, हे मान्य. पण बेंजामिन फ्रँकलिन प्राचीन युगात रोमचे नेतृत्व करतो आणि पुढे मंगोल होतो, तेव्हा मला पट दिसत नाही, फॅन्सी ड्रेस दिसतो.

रात्रपाळी

दोन्ही बाजू वाचल्या. मी मताऐवजी एक प्रसंग सांगतो, म्हणजे ज्याला जे घ्यायचे ते घेता येईल.

माझा दुसराच डाव होता. नेता सम्राट अशोक. खेळात त्याची दोन रूपे आहेत, एक जगाचा त्याग करणारा आणि दुसरा जग जिंकणारा. कलिंगानंतरचा अशोक वाचून वाढलेल्या माणसाला दुसरे रूप निवडताना थोडे अवघडल्यासारखे होते, तरी मी तेच निवडले, कारण त्यात रीतसर युद्ध पुकारले की राज्यात उत्सव सुरू होतो. या नियमावर तत्त्वचिंतन नंतर करता येईल, असे मी ठरवले. संस्कृती अर्थातच मौर्य. मौर्यांचे हत्तीदळ तटबंदीवर फार जोरकस चालते. माझे सहा हत्ती पूर्वेकडच्या शेजाऱ्याच्या राजधानीपाशी होते. तट जवळजवळ पडला होता, अजून दोन चालींत शहर हाती येणार होते. वरच्या कोपऱ्यात युगाच्या प्रगतीचा आकडा भरत आला होता, पण माझे लक्ष तटावर. पहाटेचे सव्वादोन वाजलेले.

मी चाल संपवली, आणि युग संपले.

सेनापतीजवळचे चार हत्ती राहिले, बाहेरचे दोन नाहीसे झाले. सैन्य माझ्या राजधानीत परत आले होते, युद्ध मिटले होते, आणि ज्या राजधानीचा तट मी पाडत आणला होता, तिचा मालक नव्या नावाने आणि नव्या पोशाखात माझ्याशी व्यापाराची बोलणी करायला उभा होता. मी लॅपटॉप बंद केला, तो दोन दिवस उघडला नाही.

तिसऱ्या दिवशी उघडला तो उत्सुकतेपोटीच. मौर्यांनंतर मी चोळ निवडले. इथे मला पहिल्यांदा कळले की खेळात समुद्रालाही अर्थ आहे. शोधयुगात नकाशाचा पलीकडचा निम्मा भाग, म्हणजे दूरदेश, खुला होतो. तिथे वसाहत करून खजिन्याचे ताफे मायदेशी आणायचे असतात. मोठ्या नद्यांतून जहाजे आत जातात, ही सोय आधीच्या एकाही भागात नव्हती. ज्या शेजाऱ्याची राजधानी हत्तींनी पडली नाही, तिच्या शेजारून वाहणाऱ्या नदीत माझी जहाजे दीडशे वर्षांनी शिरली. प्राचीन युगात मी नकाशावर ती नदी म्हणजे अडथळा म्हणून पाहिली होती. शोधयुगात तीच दार झाली. पट तोच, घरे तीच, पण वाचायची रीत बदलली. असा अनुभव मला सहाव्या भागाच्या चारशे तासांत आला नव्हता.

हत्तींचा राग गेला का? नाही गेला. पुढच्या अपडेटांत एक पर्याय आला आहे, ज्यात युग बदलताना सैन्य आहे त्याच जागी राहते. मी तो चालू ठेवतो. माझ्या मते नव्या खेळाडूने सगळ्यात आधी सेटिंगमध्ये जाऊन तो शोधावा.

सनावळी

मी खेळाच्या तंत्रापेक्षा त्यातल्या इतिहासासाठी ही मालिका खेळते, म्हणून थोडे त्याविषयी लिहिते. विषयाला सोडून वाटल्यास क्षमस्व. पण ‘घ्यावा का’ या प्रश्नात माझ्यापुरते हेही येते.

भारताच्या बाबतीत आजवरच्या भागांनी फारच आळस केला होता. पहिल्या भागापासून, म्हणजे १९९१ पासून सहाव्यापर्यंत, भारत म्हणजे एकच संस्कृती आणि तिचा नेता म्हणजे महात्मा गांधी. दुसऱ्या भागात इंदिरा गांधी, चौथ्यात अशोक आणि सहाव्या भागाच्या २०१८ च्या विस्तारात चंद्रगुप्त मौर्य जोडीला आले, एवढाच काय तो बदल. गांधी अचानक अण्वस्त्रे टाकू लागतात ही दंतकथा तर सगळ्यांनी ऐकली असेल. पहिल्या भागातल्या आकड्यांच्या चुकीने ते घडले, ही गोष्ट खरी नाही, असे खुद्द सिड मायर यांनी २०२० मध्ये लिहिले, तरी ती काही मरत नाही.

सातव्यात संस्कृती युगांत वाटल्यामुळे प्रथमच भारताला मौर्य, चोळ आणि मुघल अशा तीन स्वतंत्र संस्कृती मिळाल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीशी थोडा अभ्यास दिसतो. चोळांच्या खास इमारतींची नावे अंजुवण्णम् आणि मणिग्रामम् अशी आहेत. ही मध्ययुगीन दक्षिणेतल्या व्यापारी संघांची नावे आहेत. आणि दोन्ही शेजारी बांधल्या की होणाऱ्या वस्तीला पाचशे स्वामींचे नाव दिले आहे, जो ऐहोळेच्या प्रसिद्ध पाचशेंच्या श्रेणीचा संदर्भ आहे. बृहदीश्वराचे मंदिर तर आहेच. ‘भारत’ नावाच्या एका गाठोड्यात हे कधीच मावले नसते. त्यामुळे कोकणकडा यांना जो फॅन्सी ड्रेस वाटतो, त्याच रचनेमुळे राजेंद्र चोळाच्या आरमाराला खेळात जागा झाली, हेही खरे.

पण तिसऱ्या युगाशी मी अडखळते. आधुनिक युग खेळात साधारण अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते, आणि तिथे भारतासाठी मुघल ठेवले आहेत. त्या काळात लाल किल्ल्याच्या आत काय उरले होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या होत्या, १७६१ ला पानिपत झाले, आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांत, १७७२ मध्ये, शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत नेऊन बसवले ते महादजी शिंद्यांनी. शोधयुगात जे मुघल शोभले असते, ते आधुनिक युगात आणले, आणि त्या युगात जे असायला हवे होते ते मूळ आवृत्तीत नाहीतच. दुखणे अभिमानाचे म्हणा हवे तर, पण ते सनावळीचेही आहे. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात मराठे स्वतंत्र सत्ता म्हणून खेळता येत असत. त्या खेळाच्या बाकीच्या चुका सोडून मी तो पुष्कळ दिवस खेळले, ते त्यासाठीच.

एक भरपाई मात्र झाली. प्रकाशनानंतरच्या एका सशुल्क संचात नेता म्हणून राणी लक्ष्मीबाई आल्या. काशीत जन्मलेल्या मणिकर्णिका तांबे, नेवाळकरांच्या झाशीत आलेल्या. मूळ किंमत भरल्यावर त्यांच्यासाठी आणखी पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट मात्र मला बोचते, आणि मी ते मोजले हेही कबूल करते.

तिरपा उंट

थोडक्यात लिहितो, कारण माझा आक्षेपच थोडक्यातला आहे. खेळ बाजारात आला तेव्हा तो शिजलेला नव्हता. मोठे आणि अतिमोठे नकाशे नव्हते. विजयानंतर ‘अजून एक चाल’ खेळत राहण्याची सोय नव्हती, आणि ज्या मालिकेची ओळखच त्या तीन शब्दांत आहे तिच्यात ती नसावी याला काय म्हणावे! पडद्यावरची माहिती तर लग्नाच्या याद्यांसारखी : सगळे लिहिलेले, पण हवे ते सापडत नाही. एखाद्या शहराला अन्न नेमके कुठून येते हे पाहायला तीन खिडक्या उघडाव्या लागत. यातले बरेचसे २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत आणि पुढे अपडेटांनी भरून काढले, पण पहिल्याच आठवड्यात पूर्ण किंमत मोजणाऱ्यांनी चाचणीचे काम पदरचे पैसे देऊन केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय खेळ विसाव्या शतकाच्या मध्याशी संपतो. माणूस अवकाशात गेला की विज्ञानाचा विजय. उपग्रह, संगणक, हवामानबदल असे काही नाही. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये समुद्राची पातळी वाढून माझी किनाऱ्यावरची तीन शहरे बुडाली होती, तो ताण मला इथे सापडला नाही.

मुनीम

तिरपा उंट यांच्या म्हणण्यात चुकीचे काही नाही. मात्र या मालिकेचा प्रत्येक भाग असाच जन्मला आहे, हे नव्या वाचकांसाठी नोंदवतो. पाचवा भाग सप्टेंबर २०१० मध्ये आला तेव्हा त्यात धर्म नव्हता, हेर नव्हते, आणि चौथ्या भागाचे जुने खेळाडू त्याला पोकळ म्हणत होते. पुढे २०१२ मध्ये ‘गॉड्स अँड किंग्ज’ आणि २०१३ मध्ये ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आल्यावर तोच भाग लोकांना मालिकेचा मुकुटमणी वाटू लागला. सहावा ऑक्टोबर २०१६ मध्ये आला तेव्हा ‘लहान मुलांचे रंगीत चित्रपुस्तक’ अशी त्याची थट्टा झाली. आज या धाग्यात आपण त्यालाच मापदंड धरून बोलतो आहोत.

मात्र हा दाखला मी एका मर्यादेपर्यंतच ताणेन. पाचव्या आणि सहाव्या भागांत जे नव्हते ते नंतर घालता आले. सातव्याबद्दलची मुख्य तक्रार जे आहे त्याबद्दलची आहे, आणि जे आहे ते विस्ताराने भरून निघत नाही. म्हणूनच २०२५ च्या अखेरीस निर्मात्यांनी एकच संस्कृती शेवटपर्यंत खेळता यावी यावर काम सुरू असल्याचे जाहीर केले, तेव्हा मला ती कबुलीच वाटली. कोकणकडा यांनी त्यासाठी थांबावे. अडीच घरं यांनी थांबू नये असे मला वाटते, कारण त्यांच्या ५३ अपुऱ्या डावांना जे हवे आहे, ते आहे त्या रूपातच आहे.

फक्त महागड्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. मूळ आवृत्तीत वीसच्या आसपास नेते आणि तीस संस्कृती आहेत. एका डावात एक नेता आणि तीन संस्कृती लागतात. पहिल्या शंभर तासांत तुम्हाला जास्तीच्या संचाची उणीव भासणार नाही.

कोकणकडा

थांबण्याचा सल्ला मान्य. फक्त ‘कबुली’ या शब्दाला माझी दुरुस्ती : ती माघार असेल, आणि माघारीने काही खेळ सुधारतात, काही ना घर का ना घाट का होतात. तीन तुकड्यांसाठी बेतलेल्या पटावर सलग संस्कृती कशी बसवणार हे पाहूनच मी ठरवीन.

अडीच घरं

सर्वांचे आभार. मधल्या काळात मी तुमच्या मतांवर ताण म्हणून एक गोष्ट केली. चिंचवडला मावसभावाकडे हा खेळ आहे. दिवाळीनंतर दोन शनिवार-रविवार त्याच्याकडे मुक्काम ठोकून एक डाव पहिल्या चालीपासून खेळलो. वहिनी आधी कौतुकाने पोहे देत होत्या, दुसऱ्या रविवारी त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिले.

मी कन्फ्यूशियस घेऊन हान संस्कृतीने सुरुवात केली आणि पुढे मिंग व छिंग असा सरळ चिनी मार्ग धरला, म्हणजे कोकणकडा यांच्या आक्षेपाला शक्य तितकी कमी जागा राहील. तरीही पहिल्या संक्रमणाला तो आक्षेप समजला. ज्या तीन नगरांची वाचनालये मी नद्यांच्या काठी जोडून जोडून बांधली होती, ती दुसऱ्या युगात नुसती जुनी घरे झाली. त्यांवर नवे बांधायचे असते. मी एका नगरातले वाचनालय बराच वेळ पाडले नाही. त्याचा उपयोग काहीच नव्हता. भावाने विचारले, ‘हे का ठेवलंयस?’ मला उत्तर देता आले नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. दोनशेव्या चालीच्या आसपास माझी जी जांभई ठरलेली असते, ती आली नाही. त्या सुमारास मी शोधयुगाच्या मध्यावर होतो आणि मागे पडलो होतो. शेजारच्या बेटावरच्या दोन स्वतंत्र नगरांना आपलेसे करण्यासाठी मी प्रभाव साठवत होतो, आणि नेमका तोच प्रभाव लादलेल्या युद्धात पाठिंबा टिकवण्यासाठी खर्चावा लागला. राजनीतीला सोन्यासारखे वेगळे चलन देण्याची ही कल्पना मला सेनापतीपेक्षाही जास्त आवडली. सहाव्या भागात समोरच्या राजाशी बोलणे म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस होती. इथे मैत्री आणि युद्ध या दोहोंचा खर्च एकाच तिजोरीतून होतो. शेवट आधुनिक युगात झाला, मी हरलो, आणि हरेपर्यंत खेळलो. माझ्या यादीतल्या त्या ९ पुऱ्या डावांत हरलेला एकही नाही, हे मला परत येताना गाडीत लक्षात आले. हरणारा डाव मी कधी शेवटाला नेलेलाच नव्हता.

तेव्हा निर्णय असा : पुढच्या सेलमध्ये मूळ आवृत्ती घेणार, जास्तीचे संच नाहीत. सहावा भाग मात्र लॅपटॉपवरून काढणार नाही. ज्या रात्री मला एकच राज्य मातीच्या गावापासून वाढताना बघायचे असेल, त्या रात्री तो आहे. शेवटाला गेला नाही तरी चालेल. माझा लॅपटॉप पाच वर्षे जुना आहे, त्यावर सातवा नीट चालेल का, एवढे कुणी सांगितले तर बरे होईल.

रात्रपाळी

माझाही तेवढाच जुना आहे. चित्रांचा दर्जा मध्यम ठेवून मध्यम आकाराच्या नकाशावर नीट चालतो. अतिमोठ्या नकाशावर शेवटच्या युगात दोन चालींच्या मध्ये चहा टाकून होतो. स्टीमवरून घेणार असाल तर दोन तासांच्या आत आणि चौदा दिवसांच्या आत परत करता येतो, तेव्हा पहिले दोन तास नेता निवडण्यात घालवू नका. मोठ्या नकाशावर एखादा डाव सुरू करून त्या दोन तासांत पंखा किती ओरडतो ते ऐका.

सनावळी

आणि घेतलात तर दुसरा डाव चोळांचा खेळा. हान-मिंग-छिंगने तुम्ही या खेळाची सर्वांत सरळ वाट पाहिली आहे. समुद्रावर तो निराळा आहे. लक्ष्मीबाईंचा संच तेवढा सेलमध्ये येईपर्यंत थांबा, मी थांबले नाही त्याचे मला अजून वाईट वाटते.